जरा उचलून ढकला

आमच्या घरी पहिल्यांदा येणाऱ्या माणसाला पडवीतून ओरडून सांगावं लागतं, "जरा उचलून ढकला!" तोवर त्याचं सगळं करून झालेलं असतं. आधी तो नुसता ढकलतो. मग ओढतो. मग कडी नीट निघाली की नाही ते वाकून बघतो. मग मान वर करून माझ्याकडे बघतो, आणि त्या बघण्यात 'तुम्हीच बोलावलंत ना?' असा सरळ प्रश्न असतो. एका कुरिअरवाल्या मुलाने तर वाद घालायचंच नाकारलं. पाकीट गडग्यावर ठेवलं, उडू नये म्हणून त्यावर दगड ठेवला, आणि वाडीच्या टोकाला गेल्यावर फोन करून कळवलं की तुमचं पार्सल पोचलं.

हे फाटक मी स्वतःच्या हाताने केलेलं आहे. पूर्वी मी हे पाहुण्यांना आपणहून सांगत असे. आता विचारलं तरच सांगतो.

तेहेतीस वर्षं मी बँकेत कॅशियर होतो. म्हणजे समोर जाळी, जाळीला एक हात जाईल एवढं भोक, आणि पाठीमागे कमरेएवढं एक दार, जे सोडलं की आपोआप मिटायचं. दार या वस्तूशी माझा संबंध एवढाच होता. ते कुणीतरी केलेलं असतं, कुणीतरी लावलेलं असतं आणि बिघडलं तर एक फॉर्म भरायचा असतो. निवृत्त झाल्यावर दापोली तालुक्यातल्या आमच्या जुन्या घरी राहायला आलो, आणि इथे फॉर्म कुणाकडे भरायचा ते कळेना.

तेव्हा घराला बेडं होतं. ज्यांनी बेडं पाहिलेलं नाही त्यांच्यासाठी सांगतो. दोन खांब, दोन्हींना एकासमोर एक अशी तीन-तीन भोकं, आणि त्यांतून आडवे घातलेले तीन बांबू. बस्स. बिजागरी नाही, कडी नाही, खिळासुद्धा नाही. गंमत असते ती भोकांत. एका खांबातली भोकं आरपार आणि दुसऱ्यातली अर्धीच, वाटीसारखी. बांबू आधी आरपार भोकातून पलीकडे खूप ढकलायचा, मग अलीकडचं टोक समोरच्या वाटीच्या रेषेत आणून मागे घ्यायचा. की बसला. काढताना याच्या उलट. पण बांबू स्वतःच्या भाराने वाटीत रुतून बसलेला असतो, म्हणून आधी तो बोटभर उचलायचा आणि मगच सरकवायचा. नुसता जोर लावला तर जागचा हलत नाही. हे म्हशीला जमत नाही आणि चार वर्षांच्या पोराला जमतं. एखादी वस्तू चांगली झाली आहे की नाही याची यापेक्षा कडक परीक्षा मला तरी ठाऊक नाही.

मराठीत 'आडकाठी' हा शब्द अडचणीच्या अर्थाने इतका रुळला की मुळात ती एक काठी आहे हेच आपण विसरलो. आमच्याकडे तीन होत्या.

माझ्या लेकीने एकदा मोबाइलवर एक चित्र दाखवलं आणि मी म्हणालो, "अरे, हे कुणाच्या आगरातलं?" ते निघालं कोरियाच्या जेजू बेटावरचं. तिथेही दगडी खांब, त्यांना तीन भोकं आणि आडवे तीन वासे. जोंगनांग म्हणतात. शिवाय त्या लोकांनी त्यात एक भाषा बसवली आहे. तिन्ही वासे खाली असले तर मालक घरात आहे. एक लावलेला असला तर इथेच जवळपास गेलाय, येईल. दोन असले तर यायला वेळ लागेल. तिन्ही असले तर लांब गेलाय, आज वाट बघू नका. मला फार कौतुक वाटलं. आमच्या वाडीत असली भाषा का तयार झाली नाही याचाही विचार केला, आणि कारण लगेच सापडलं. आमच्याकडे घरातला माणूस कुठे गेलाय, कशाला गेलाय आणि तिथे त्याचं काम होण्यासारखं नाही हे शेजाऱ्यांना आधीच माहीत असतं. त्यासाठी वासे खालीवर करण्याची गरजच नाही.

तर असं हे बेडं मोडीत काढायची बुद्धी मला कशी झाली? शेळीमुळे. बेड्याचा सगळा हिशेब गाईम्हशींच्या अंगलोटावर केलेला. आता वाडीत गुरं फारशी उरली नाहीत, शेळ्या राहिल्या. शेळी दोन बांबूंच्या मधून अशी आत येते की जणू ते बांबू तिच्या स्वागताला कमान म्हणून बांधलेत. शेजारच्या वहिनींची एक शेळी, पांढरी, एका कानावर काळा ठिपका, रोज सकाळी साडेसातला आत यायची. आधी अबोली, मग जास्वंदीचे कोवळे शेंडे, मग शेवटी तोंडाला चव म्हणून दोरीवरच्या माझ्या पंचाचं टोक. इंग्रजांनी 1871 मध्ये याच विषयावर कायदा करून ठेवला आहे. मोकाट जनावर कोंडवाड्यात घालायचं आणि मालकाने दंड भरून सोडवायचं. पण गणपतीत ज्या घरातून आपल्याकडे गरमागरम घावन येतात, त्या घरची शेळी माणूस कोंडवाड्यात कशी घालणार? त्यापेक्षा फाटक करणं सोपं, असं मला वाटलं. या एका वाटण्यावर पुढचं सगळं उभं आहे.

"लोखंडी आणा की," बायको म्हणाली. "दोन तासांत बसवून देतात."

मी दापोलीच्या बाजारात जाऊन लोखंडी गेटं बघून आलो. एकावर उगवता सूर्य होता, एकावर कमळ, आणि एकावर दोन हंस एकमेकांकडे तोंड करून. गेट उघडलं की हंसांची ताटातूट व्हायची. शिवाय आमच्याकडे समुद्र जवळ. खाऱ्या वाऱ्यात लोखंडाला जो गंज चढतो तो रंगाच्या आतून चढतो. वरून हंस पांढरेशुभ्र दिसतात आणि एक दिवस त्यांची मान हातात येते. पण ही सगळी नंतर शोधलेली कारणं. खरं कारण असं की घरात लाकूड पडून होतं.

3 जून 2020 च्या निसर्ग चक्रीवादळात आमच्या परसातला फणस पडला. आजोबांच्या वेळचा. त्या दिवशी दापोली-मंडणगडकडे नारळी-पोफळीच्या बागा माणसांच्या डोळ्यांदेखत आडव्या झाल्या, कौलं पत्त्यांसारखी उडाली. त्या मानाने आमचा एक फणस म्हणजे सांगण्यासारखंही काही नव्हतं. पडताना त्याने घराला धक्का लावला नाही, विहिरीकडे अंग टाकलं. त्याच्या फळ्या कापून आणल्या आणि मधे पट्ट्या ठेवून पडवीच्या माळ्यावर रचल्या. चार वर्षं त्या तिथे वाळत होत्या. फणसाचं लाकूड ताजं कापलं की हळदीसारखं पिवळं असतं आणि दिवस जातील तसं तांबूस तपकिरी होत जातं. याच गाभ्याच्या चुऱ्यापासून पिवळा रंग काढून बौद्ध भिक्षूंची वस्त्रं रंगवत. तंजावरची वीणा याच लाकडाची, मृदंगाचं खोडही याचंच. एवढ्या थोर कुळातलं लाकूड माझ्या हाती पडून त्याचं फाटक व्हावं, हा ज्याचा त्याचा भोग.

एप्रिल 2024 मध्ये कामाला लागलो. माळ्यावरच्या पेटीत आजोबांचा रंधा, दोन पटाश्या आणि एक गुण्या होता. करवत नवी आणली. मोजमाप हा माझा प्रांत, अशी माझी समजूत. तेहेतीस वर्षं रोज संध्याकाळी रुपया-पैशाचा मेळ घालून घरी गेलेला माणूस मी. खांबांमधलं अंतर मोजलं: बरोबर 4 फूट. दोन्ही बाजूंना अर्धा-अर्धा इंच मोकळा सोडून फाटकाची रुंदी काढली 3 फूट 11 इंच, आणि वहीत लिहून खाली दोन रेघा मारल्या.

अंतर मी खाली, जमिनीलगत मोजलं होतं. वर मोजायचं माझ्या मनातही आलं नाही, कारण खांब दगडी, आणि दगडी खांब सरळ असणार. कडी अडकवायच्या बाजूचा तो जांभ्याच्या चिऱ्यांचा खांब पन्नासेक वर्षं गडग्याला पाठ लावून उभा होता आणि तेवढ्या काळात हळूहळू आतल्या बाजूला कलला होता, जेवणानंतर खुर्चीत कलतो तसा. वरच्या अंगाला अंतर भरलं 3 फूट 10 इंच 6 सूत. म्हणजे माझं फाटक दोन सूत जास्त. ज्यांना सूत माहीत नाही त्यांनी इंचाचे आठ भाग करावेत आणि त्यातले दोन घ्यावेत. कॅश एवढी कमी आली असती तर मी खिशातून भरली असती. लाकडात खिशातून भरता येत नाही. पण हे मला कळलं शेवटी, फाटक तयार झाल्यावर. क्रमाने सांगतो.

चौकटीच्या चार कोपऱ्यांना कूस काढून भोकात बसवायची, असं मी ठरवलं होतं. एका लाकडाचं टोक दोन्ही अंगांनी कापून मधे जीभ ठेवायची, दुसऱ्याला त्याच मापाचं चौकोनी भोक पाडायचं आणि जीभ भोकात ठोकायची. सांगायला एक वाक्य लागतं. करायला मला दोन दिवस लागले, आणि तेही एका कोपऱ्याला. पण ते दोन दिवस चांगले गेले. पटाशी उभी धरायची, मुठीवर हातोडीचा हलका ठोका, मग जरा पाठीमागून तिरका ठोका, की पिवळा कपचा टुणकन उडतो. घाई केली की लाकूड रेषेच्या पलीकडे फाटतं. लाकडाचे धागे कुठल्या बाजूला पळतात ते बघून पटाशी त्यांच्या आडवी धरायची, हे मला पहिल्या दिवशी दुपारी कळलं. रेषा पुसून टाकायच्या आत थांबायचं, हे दुसऱ्या दिवशी. भोक तयार झालं तेव्हा त्यात कूस अशी बसली की हाताने निघेना. मी बायकोला बोलावून दाखवलं. ती म्हणाली, "छान. आता उरलेले तीन?"

उरलेल्या तिघांना मी लाकूड अर्धं-अर्धं कापून एकावर एक बसवलं आणि स्क्रू मारले.

चौकट काटकोनात आहे की नाही ते बघायला गुण्याची गरज नसते. दोन्ही कर्ण मोजायचे. सारखे आले तर चौकट सरळ. माझे कर्ण सारखे आले. शाळेतली भूमिती इतक्या वर्षांनी कामाला आली म्हणून मला गहिवरून आलं, आणि त्या गहिवराच्या भरातच मी उभ्या फळ्या मारल्या, एकीला एक घट्ट चिकटवून, की मधून शेळीची जीभसुद्धा जाऊ नये. आणि मागच्या बाजूने एक तिरपी पट्टी मारली. तिरपी पट्टी सगळ्या फाटकांना असते, मी पाहिलेलं होतं. ती कुठून कुठे जाते ते पाहिलेलं नव्हतं. मी ती वरच्या बिजागरीपासून खाली कडीच्या बाजूला नेली. डोळ्यांना ते पटत होतं. वरून धरून ठेवल्यासारखं दिसत होतं.

बिजागरीच्या बाजूला नवा खांब हवा होता. आईनाचं एक चांगलं लाकूड मिळालं. मातीत जाणारं टोक आधी विस्तवात धरून वरचा थर कोळसा होईपर्यंत जाळायचं आणि मग डांबर फासायचं, ही जुनी रीत मी मन लावून पाळली. खड्डा अडीच फूट हवा होता. दीड फुटावर पहार खण्णकन वाजली. खाली कातळ. कोकणात घर बांधणाऱ्या प्रत्येकाच्या आयुष्यात हा आवाज एकदा येतो आणि त्या वेळी माणसाची पारख होते. माझी झाली. मी दीड फुटावर थांबलो, भोवती दगड ठोकले, माती दाबली, वर पाणी ओतून पुन्हा दाबली, आणि स्वतःला सांगितलं की वर एवढं बघायला कोण येतंय.

कडी-कोयंडा घ्यायला गेलो तेव्हा दुकानदाराने विचारलं, "कुलूप कितीचं दाखवू?"

खरं तर मी कुलपाचा विचारच केला नव्हता. चोर हा मुद्दाच नव्हता. मुद्दा शेळी होती. मला शनिशिंगणापूर आठवलं. तिथल्या घरांना दारं नाहीत, ही श्रद्धा सगळ्या महाराष्ट्राला माहीत आहे. 2011 मध्ये युको बँकेने त्या गावात बिनकुलपाची शाखा काढली तेव्हा आमच्या शाखेत चहाच्या वेळी दोन दिवस दुसरा विषय नव्हता. पण त्या बिनदाराच्या घरांतूनही उंबऱ्यात फळी टेकवून ठेवतात, कुत्री आत येऊ नयेत म्हणून. म्हणजे शनिदेव चोराचं बघतात, कुत्र्याचं ज्याने त्याने बघायचं. आणि फाटक कितीही पक्कं केलं तरी जाणारं जातंच. रायगडाचे दरवाजे संध्याकाळी मिटले, पहारेकरी नियमाला पक्के, आणि घरी तान्हं बाळ टाकून आलेली गवळण कडा उतरून गेली, अशी हिरकणीची कथा सांगतात. बुरुजाला नाव तिचं पडलं. तो दरवाजा लावणाऱ्याचं नाव कुणी विचारलं नाही. मी कुलूप न घेता परत आलो.

फाटक लटकवलं त्या दिवशी ते आधी मिटेचना, कारण वर सांगितलेले ते दोन सूत. रंध्याने कड तासली. आजोबांचा रंधा पहिल्यांदाच रेशमासारखा चालला, पिवळ्या कुरळ्या झिलप्या पायांशी पडल्या, आणि चूक दुरुस्त करताना काम शिकता येतं तेवढं चूक न करता येत नाही, असं काहीतरी मी बायकोला म्हणालो. ती झिलप्या बंबासाठी गोळा करत होती. संध्याकाळी फाटक मिटलं. कडी कोयंड्यात पडली. मी ते उघडून मिटून, उघडून मिटून बघितलं. पलीकडून शेळीसुद्धा बघत होती.

पंधरा दिवस मी घरातून विनाकारण बाहेर जात होतो.

मग कडी कोयंड्याच्या एक बोट खाली येऊ लागली. आठवड्याभरात दोन बोटं. चौकट बाजूने बघितली तर ती चौकोनी राहिलेली नव्हती, पत्त्यातल्या चौकटच्या एक्क्याच्या वाटेला लागली होती. म्हणून मेस्त्रींना बोलावलं. वय सत्तरीच्या पुढे, डोळ्यावर जाड भिंगं, कानावर पेन्सिल. त्यांनी फाटकाला हात लावला नाही. लांबूनच पाहिलं आणि विचारलं, "भाऊ, फणस लगडला की फांदीला टेकू देतात तो कुठून?"

"खालून," मी म्हणालो.

"मग तुम्ही वरून का दिलात?"

संपलं. एवढ्यात सगळं आलं. फाटकाचं सगळं ओझं असतं कडीच्या बाजूला, अधांतरी, आणि ते खाली यायला बघत असतं. पट्टी खालच्या बिजागरीपाशी पाय रोवून वर कडीच्या कोपऱ्यापर्यंत गेली, की ते ओझं तिच्या डोक्यावर बसतं आणि ती ते खांबाच्या बुडाशी पोचवते. लाकूड दाबाला उभं राहतं. माझी पट्टी ताणात होती. ती ओढली जात होती आणि तिचे स्क्रू हळूहळू सुटत होते. मेस्त्री म्हणाले, तारेची ओढणी असती तर तुम्ही लावलीत तशीच लावतात, वरून खाली, कारण तारेला ओढ सोसते, दाब सोसत नाही. लाकडाचं उलटं. आणि मग त्यांनी भोवती एक फेरी मारून तो एक कूस-भोकाचा कोपरा शोधून काढला. अंगठा फिरवला. "हा कुणी केला?"

"मी."

"बरा हाय," ते म्हणाले. नंतर बाकीच्या तीन कोपऱ्यांकडे बघून काही बोलले नाहीत. बँकेत मला दोनदा प्रशस्तिपत्रक मिळालं आहे. त्या 'बरा हाय'च्या आधी ती कागदं मला बरीच मोठी वाटायची.

पट्टी फिरवून मारली. वाळवी लागू नये म्हणून काजूच्या टरफलांचं तेल लावा, असंही त्यांनी सांगितलं, हाताला लागू देऊ नका असं बजावूनही सांगितलं. मी जपूनच लावलं. तरी करंगळीला लागलं, आणि भाजल्यासारखा फोड आला. वाळवी या तेलाच्या वाटेला का जात नाही ते मला नीट समजलं.

मग पाऊस आला. आमच्या जिल्ह्यात वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो, आणि त्यातला बराचसा त्या वर्षी माझ्या फाटकावर पडला असं मला वाटतं. लाकूड पाणी पितं आणि फुगतं. पण गंमत अशी की लांबीत ते जवळजवळ वाढत नाही, रुंदीत वाढतं. एप्रिलच्या कोरड्या हवेत मी फळ्या एकीला एक घट्ट लावल्या होत्या. प्रत्येक फळी थोडी-थोडी रुंद झाली. मधे जागा नाही, तेव्हा त्यांनी सगळ्यांनी मिळून बाजूची चौकट ढकलायला सुरुवात केली. शेळीची जीभ जाऊ नये म्हणून ठेवलेला तो बंदोबस्त आता माणसांना लागू झाला. जुलैत फाटक असं गच्च बसलं की मी पंधरा दिवस वईतल्या खिंडारातून ये-जा केली.

हे खिंडार सांगायचं राहिलंच. आमच्या आवाराला समोरून गडगा आहे, पण बाजूने वई. निगडी, शेर, एरंड, मधे काटेरी फांद्या. वई दरवर्षी नव्याने घालावी लागते. मी फाटकात गुंतल्यामुळे त्या वर्षी घातली नाही. तिथे माणूस वाकून जाईल एवढी वाट पडली. शेळी वाकतही नसे. पंधरा दिवस सकाळी साडेसातला आम्ही दोघं त्या खिंडारापाशी समोरासमोर येत होतो. ती आत, मी बाहेर. तिच्या मागून मग वानरांची टोळी. वानरांना फाटकाबद्दल आदर आहे. ते त्याच्यावर बसतात.

मेस्त्रींनी श्रावणात येऊन एक सोडून एक अशा फळ्या काढल्या, कडेने तासल्या आणि बोटाएवढी फट ठेवून परत मारल्या. आता फाटक मिटतं. पण तोवर माझ्या दीड फुटाच्या खड्ड्याचा निकाल लागला होता. खांबाच्या बुडाला एका बाजूने कातळ, दुसऱ्या बाजूने मी दाबलेली माती. पावसात मातीने अंग सोडलं आणि आईनाचा खांब दोन सूत कलला. इथे दोन सूत कललं की चार फुटांवरच्या त्या टोकाला अडीच-तीन सूत खाली येतं. तेवढंच पुरतं. फाटकाचं कडीकडचं टोक जमिनीच्या चिऱ्यावर टेकतं, आणि उघडायचं तर जरा उचलून ढकलावं लागतं.

"खांब काढून कातळ फोडून पुन्हा बसवू," मेस्त्री म्हणाले. "दिवाळीनंतर बघू."

त्यांच्या त्या दिवाळीला आता दिवाळ्या झाल्या. मीही आठवण केलेली नाही. एक तर दूधवाला, शेजारच्या वहिनी, मेस्त्री, पाण्याचा पंप बघायला येणारा मुलगा, सगळ्यांच्या हाताला ती ढब बसली आहे. डाव्या हाताने कडी, उजव्या पायाचा चवडा खालच्या पट्टीला लावून किंचित वर, आणि खांद्याने ढकलायचं. दुसरं म्हणजे, बायको आता स्वयंपाकघरात पाठ करून उभी असली तरी फाटकापाशी कोण आहे ते सांगते. खडखड झाली की परका. 'ठप्' असा एकच आवाज आला की आपल्यातलं कुणीतरी. दोनदा ठप् आलं की मेस्त्री, कारण ते उघडल्यावर पुन्हा मिटून बघतात, आपलं काम अजून टिकलंय का ते.

मागच्या वैशाखात आत्या आली. वय चौऱ्याऐंशी. माझ्या वडिलांची धाकटी बहीण, याच घरात जन्मलेली, लग्न होऊन गेली ती घाटावर. गेल्या बारा वर्षांत इकडे फिरकली नव्हती. म्हणजे फाटक तिने पाहिलेलंच नव्हतं. रिक्षा रस्त्यावर थांबली. मी पडवीतून उठेपर्यंत ती पिशवी घेऊन फाटकापाशी पोचलीसुद्धा. मी तोंड उघडलं, "आत्या, जरा उच..."

तिने पिशवी खाली ठेवली. कडी काढली. फाटकाच्या वरच्या पट्टीला खालून तळहात लावला, बोटभर उचललं आणि आत सारलं. एवढ्या सवयीने, की ती दुसरीकडेच बघत होती, विहिरीकडे, जिथे फणस नव्हता तिकडे. ठप् सुद्धा झालं नाही.

"तुला कसं जमलं?" मी विचारलं.

"काय जमलं?" ती म्हणाली. "बेडं आधी उचलायचं असतं की नाही? विसरलास?" आणि चालता चालता, "चहा टाकायला सांग. साखर कमी."

ती पडवीची पायरी चढून आत गेली. फाटक तिने सताड उघडं टाकलं होतं. मी मिटायला गेलो तर उंबऱ्यावर ती पांढरी शेळी उभी, एका कानावर काळा ठिपका. तिने माझ्याकडे पाहिलं, मग उघड्या फाटकाकडे पाहिलं, आणि जरा अवघडल्यासारखी होऊन वईतल्या खिंडाराकडे निघून गेली.